रद्दीतल्या बाईचं पहिलं प्रकरण

सकाळचा चहा झाला की मावशी आपली खुर्ची दाराशी ओढते आणि म्हणते, "हं, लाव तुझा पेपर." पेपर लावायचा म्हणजे माझा मोबाइल उघडायचा. डहाणूच्या वाचनालयाची मी सभासद आहे. तिथला सभासद क्रमांक टाकला की त्या दिवशीची वर्तमानपत्रं घरात बसून वाचता येतात. मी तलासरीला राहते, निवृत्त शिक्षिका आहे आणि मोठ्याने वाचायची सवय काही सुटलेली नाही. मावशीच्या डोळ्यांत काचबिंदू, त्यामुळे तिला ऐकायची सवय लागली आहे. आमचं बरं जमतं.

तिचा क्रम ठरलेला. आधी मासळीच्या बातम्या, मग निधनवार्ता, मग राजकारण. राजकारण तिला फक्त शिव्या द्यायला लागतं. एकदा रविवारी मी पुरवणीतली एक क्रमशः कादंबरी वाचायला घेतली. सातवा भाग होता, आधीचे सहा आम्ही वाचलेले नव्हते. मावशीने चार ओळी ऐकल्या आणि मला थांबवलं.

"ती बाई घर सोडून का गेली, ते कळलं का गो कधी?"

समोरच्या कादंबरीत घर सोडणारी बाई नव्हतीच. पण मावशी कोणाबद्दल विचारते आहे हे मला लगेच कळलं. पन्नासहून जास्त वर्षं झाली असतील, आणि ती जणू कालच्या बाजारातली गोष्ट विचारत होती.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मी लहान असताना आम्ही घोलवडला राहायचो. वडील चिकूचा टेम्पो चालवायचे, आई आणि मावशी चिकूच्या वखारीत पेट्या भरायला जायच्या. लाकडी पेटीत तळाला पेंढा, त्यावर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर चिकूंचे थर, मग पुन्हा कागद. हा कागद मुंबईहून यायचा. चिकू उतरवून परत येणाऱ्या ट्रकमध्ये रद्दीचे सुतळीने बांधलेले गठ्ठे असायचे. शाळा सुटली की मी वखारीत जाऊन बसायची आणि कागद पेटीत जायच्या आधी बायकांना वाचून दाखवायची. बहुतेकींना वाचता येत नव्हतं, आणि जिला येत होतं तिचे हात चिकाने बरबटलेले असायचे. शेठ मधूनच डोकवायचे आणि गुजरातीत ओरडायचे, "अरे बेन, छापुं वांचवानुं छे के चीकू भरवाना छे?" पेपर वाचायचाय की चिकू भरायचेत, असं. बायका म्हणायच्या, दोन्ही.

त्या रद्दीत एका रविवारच्या पुरवणीत एक गोष्ट यायची. वरती दरवेळी तेच चित्र, ट्रंक घेऊन उभी असलेली एक बाई. गोष्टीचं नाव आज मला आठवत नाही, मावशीलाही नाही. आम्ही तिला 'ट्रंकवाली' म्हणायचो. पहिल्यांदा वाचली तेव्हा ट्रंकवाली मुंबईत एका खोलीत एकटी राहत होती आणि लोकांचे कपडे शिवत होती. पुढच्या वेळी तिला काम मिळत नव्हतं. त्याच्या पुढच्या वेळी ती कोणा लांबच्या नातेवाइकाकडे ओशाळून राहत होती. मधले कितीतरी हप्ते आधीच चिकूंखाली जाऊन दिल्लीला पोचलेले असायचे. शब्द मोठमोठे, मी चौथीतली, जे वाचता यायचं नाही ते मी सरळ गाळायची. कोणी तक्रार केली नाही.

मग एका हप्त्यात ट्रंकवाली गावाच्या स्टेशनवर होती, फलाटावर, ट्रंक पायाशी. वखारीत आनंदीआनंद झाला. "आली गो, घरी आली!" बायकांनी ठरवूनच टाकलं की ही नवऱ्याकडे परत निघालेल्या बाईची गोष्ट आहे. पुढच्या हप्त्यात ती घरी पोचणार, नवरा दार उघडणार. आणि हे सगळं त्या माझ्या मावशीकडे बघून बोलायच्या. "बघ, एवढं मुंबई बघून आलेली बाई, तीपण परत चालली."

कारण मावशीही घर सोडून आलेली होती.

तिला चिंचणीला दिलं होतं. घरच्या होड्या, अंगणभर बोंबील वाळत टाकलेले, खाऊनपिऊन सुखी घर. नवरा दारू पीत नव्हता, हात उचलत नव्हता. एक मुलगी झाली होती, ती तान्हेपणीच गेली, एवढं आई एकदा ओझरतं बोलली होती. आणि मग एका दुपारी मावशी हातात गाठोडं घेऊन घोलवडला आमच्या दारात उभी राहिली आणि आमचीच झाली. नवरा दोनदा न्यायला आला. मावशीने त्याला चहा दिला, समोर बसली आणि येत नाही म्हणून सांगितलं. तोही उठून निघून गेला. का आलीस, हे आईने विचारलं नाही, वडिलांनी विचारलं नाही. न विचारण्यात आमच्याकडे मोठेपणा मानतात. मला विचाराल तर तो निव्वळ भित्रेपणा असतो, पण मीही पुढे तेच केलं, तेव्हा बोलायला जागा नाही.

वखारीतल्या बायका बोलायच्या, मावशी ऐकून घ्यायची. फक्त एकदा म्हणाली, "ती नाय जायची परत." बायकांनी तिला वेड्यात काढलं.

ती बरोबर होती, हे माझ्यामुळे उघड झालं. चित्राच्या कडेला बारीक अक्षरात प्रकरणाचा आकडा असायचा, तो मी एके दिवशी बघितला. नंतर शोधूनशोधून बघितला. आकडे उतरत होते. कोणाच्या तरी घरात रविवारच्या पुरवण्या एकावर एक रचल्या जात होत्या, ताजी सगळ्यात वर, आणि आम्ही सुतळी कापून वरून घेत होतो. आम्ही गोष्ट शेवटाकडून वाचत होतो. ट्रंकवाली स्टेशनवरून घरी नव्हती चालली. ती तिथून निघाली होती.

हे मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं. वखारीत नुसते पेंढ्याचे आवाज. आणि मग मावशी हसली. हातातला चिकू खाली ठेवून, पदर तोंडाला लावून, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला तसं हसताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

आता सगळ्यांचा जीव सुरुवातीत अडकला. ही घर सोडून का गेली? पण गठ्ठ्याच्या तळाला ओल लागली होती. खालचे कागद एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला, तो तसाच उकिरड्यावर गेला. मग बायकांनी आपापली कारणं काढली. नवरा पीत असणार. सवत आणली असणार. सासूने डाग दिला असणार. एकीने मावशीलाच विचारलं, "तुला काय वाटतं गो?" मावशी म्हणाली, "लिवलं असेल पेपरात." आणि पेटीवर फळी ठोकायला घेतली.

मावशीची आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. बाई कामाला वाघ. पण अंगणात काही वाळत घातलेलं असलं, मिरच्या, सुके बोंबील, काहीही, आणि आभाळ भरून आलं, की आई धावाधाव करून गोळा करायची आणि मावशी मात्र एका मिरचीला हात लावायची नाही. जवळ असेल ते पोर उचलायची, बहुतेक वेळा मीच, आणि घरात कोपऱ्यात जाऊन बसायची. मला मांडीवर घट्ट धरून, कपाळावर हात ठेवून. मी चांगली घोडी झाले होते तरी. आई बाहेरून ओरडायची, "अगं राणीसरकार, दोन हात लाव ना!" मावशी जागची हलायची नाही. हिला विजेची भीती वाटते, असं आम्ही धरून चाललो होतो. मी तिला त्यावरून किती चिडवलं आहे.

तर हे सगळं त्या रविवारी माझ्या डोक्यात आलं आणि मी तिला म्हटलं, "थांब, शोधते तुझी ट्रंकवाली." म्हटलं खरं, पण त्या दिवसापासून मावशीने माझं डोकं खाल्लं. दोन घास खाल्ले की विचारायची, सापडली का. तिची प्रकृती या थंडीत खूप उतरली आहे. डॉक्टर काही स्पष्ट बोलत नाहीत, आम्हीही विचारत नाही. पण तिला ते पहिलं प्रकरण ऐकायचं आहे आणि हाताशी वेळ फार नाही, हे दोघींनाही माहीत होतं. तिने का सोडलं होतं ते मी तिला कधी विचारू शकले नव्हते. निदान ट्रंकवालीचं तरी तिला सांगू, असं माझ्या मनात होतं.

आजची वर्तमानपत्रं घरून दिसतात, पण जुने अंक फक्त वाचनालयातल्या संगणकावर उघडतात. म्हणून मी एसटीने डहाणूला जायला लागले. ग्रंथपाल बाई माझ्या शेवटच्या विद्यार्थ्यांच्या वयाची. तिने मला खुर्ची दिली, माउस कसा धरायचा तेही सांगितलं. ते मला येत होतं, पण मी ऐकून घेतलं. जुन्या पानांचे नुसते फोटो काढून ठेवलेले आहेत, त्यामुळे शब्द टाकून काही सापडत नाही. वर्ष निवडायचं, महिना निवडायचा, आणि पानं उलटत बसायचं. पेपर कोणता ते आठवत होतं, मी चौथीत होते आणि रद्दी जुनी असते, एवढ्या भांडवलावर मी सुरुवात केली.

सुरुवातीला तर मी वाहवतच गेले. नऊवारीच्या जाहिराती, बंद पडलेले साबण, लग्न ठरवायच्या दोन ओळींत अख्खी माणसं. बाजूला दोन निवृत्त गृहस्थ आजचा पेपर आजच्या कागदावर वाचत बसायचे आणि माझ्याकडे संशयाने बघायचे. दुपारी मी दशम्या खायला बाहेर पायरीवर बसायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. दारात मावशी. "सापडली?" नाही म्हटलं की ती नुसती मान हलवायची. त्या मान हलवण्याची मला धास्ती बसली.

एका दुपारी पान उलटलं आणि समोर ती उभी. ट्रंक हातात, तोच पदर, तीच वळलेली मान. मी आठवणीत तिला उंच करून ठेवलं होतं, ती चांगली बुटकी होती. मला एकदम चिकूच्या चिकाचा वास आला आणि डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. आठवं प्रकरण होतं ते. आता कोणीही शहाणा माणूस त्याच्या पुढचा रविवार उघडेल. मी बघते तर माझं बोट आधीच्या रविवारावर. वखारीतली सवय. सातवं, मग सहावं. नातेवाईक, आगगाडी, स्टेशन. जे शब्द मी गाळले होते तेही आता वाचले, फारसं काही बिघडलं नव्हतं. आणि मग पहिलं प्रकरण पडद्यावर आलं, स्वच्छ, कुठेही ओल न लागलेलं.

मी ते वाचलं नाही. दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. मग बाईंना म्हटलं, याची छापील प्रत द्या. बाई म्हणाल्या, प्रिंटरची शाई संपली आहे, मागवली आहे, येईल आठवड्याभरात. मोबाइलवर फोटो काढू का म्हटलं, तर ते नियमात बसत नाही.

घरी येऊन मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "आठवड्यात काय व्हईल कोण सांगतो? मी येते."

तिला एसटीत चढवणं म्हणजे काय दिव्य होतं ते कंडक्टरला विचारा. तो बिचारा खाली उतरून हात देत होता आणि ही त्याला म्हणत होती, "मी होडीत चढलेली बाय हाय, तू बाजूला हो." डहाणूला रिक्षा केली. वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी आहे, आणि मावशीला कमी ऐकू येतं. ग्रंथपाल बाईंनी आम्हा दोघींकडे बघितलं, मग त्या दोन गृहस्थांकडे बघितलं. ते जेवायला जाईपर्यंत थांबा, म्हणाल्या. आम्ही थांबलो. ते गेले. बाईंनीही आपलं टेबल आवरायचं काम काढून पलीकडच्या खोलीत जाणं पसंत केलं.

मी वाचायला लागले. मावशीने डोळे मिटले होते आणि हात काठीवर ठेवले होते.

ट्रंकवालीचं घर चांगलं होतं. नवरा कचेरीत, स्वभावाने शांत. तिच्याजवळ माहेरून आणलेली सतार होती. एक दिवस ती देवळातून परत आली तर कोपरा रिकामा. नवऱ्याने सतार विकली होती, तिला न विचारता, आणि त्या पैशांतून दिवाणखान्यासाठी आरसा आणला होता. ती काही बोलली नाही. तिने ट्रंक भरली. प्रकरण संपलं.

"सतार म्हंजे, वाजवायची ती?" मावशीने विचारलं.

"हो."

"आणि?"

"आणि काही नाही. संपलं."

"एवढ्यासाठी?" मावशी हसायला लागली. तेच हसू, वखारीतलं, पदर तोंडाशी. "आणि आम्ही तिला सवत दिली, डाग दिला, काय काय नाय केलं!" मीही हसले. खरं सांगायचं तर मी खट्टू झाले होते. एवढ्या खेपा घातल्या त्या एका आरशापायी.

हसता हसता ती थांबली. "नाय पण," ती म्हणाली, "तिला लागलं असेल. बाकीच्यांना एवढंसंच दिसतं."

मी माउस सोडला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. यावेळचं माझं न विचारणं वेगळं होतं, एवढंच सांगते.

"आमच्या तिकडे आभाळ आलं की सगळं टाकायचं आणि बोंबील उचलायचे," मावशी बोलायला लागली, पडद्याकडे तोंड करून. "तशी रीतच. चुलीवर भात असू दे, घरात पाव्हणा असू दे. आपले उचलून झाले की शेजारणीचे उचलायचे. माझी पोर झोळीत होती. ताप होता तिला. आभाळ आलं तशी सासूने हाक मारली. सगळ्या धावल्या. मीपण धावले. कोणी मला ओढून नाय नेलं बाय, माझ्या पायाने धावले. आमचे उचलले, शेजारणीचे उचलले. घरात आले तर पोर गार पडलेली."

बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

"आणि पाऊस पडलाच नाय," ती म्हणाली. "वारा आला आणि आभाळ गेलं."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

"मला कोणी बोल नाय लावला. सासू रडली, तोपण रडला. चांगलीच माणसं ती. मग ऊन पडलं. सगळ्या परत बोंबील घालायला लागल्या, तर मीपण उठून घालायला लागले. हात आपले चालले होते. तेव्हा मला वाटलं, आता परत आभाळ येईल, आणि परत मी धावेन. म्हणून आले. कोणाला काय सांगणार? सगळे म्हटले असते, एवढ्यासाठी?"

मी म्हटलं, "मी नसतं म्हटलं." तिने माझ्या हातावर थोपटलं, जणू पोर माझी गेली होती. मग ग्रंथपाल बाई परत आल्या, गृहस्थ परत आले आणि मी संगणक बंद केला. एसटीत मावशी खिडकीशी डोकं टेकून झोपली.

त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. सकाळी चहा, मासळी, निधनवार्ता, शिव्या. वाचनालयातून फोन आला की शाई आली आहे, प्रत हवी का. मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "कशाला? ऐकून झालं ना."

परवा दुपारी अवेळी आभाळ भरून आलं. गच्चीवर माझ्या वर्षाच्या मिरच्या पसरलेल्या होत्या. मी सवयीने उठले आणि जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. तिथून मागे बघितलं. मावशी खुर्चीत ताठ बसली होती. डोळ्यांना दिसत नसलं तरी अंधारलेलं तिला कळलं होतं. दोन्ही हात पुढे, तळवे वर, रिकामे. आमच्या घरात आता उचलून घ्यायला लहान मूल नाही.

मी परत फिरले. तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. साठी उलटलेली बाई मी, गुडघे कुरकुरले. खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला, मिरच्या भिजत होत्या, त्या भिजू दिल्या. मावशीचा हात चाचपडत आला आणि माझ्या कपाळावर थांबला. बराच वेळ तिथेच होता.

"ताप नाय गो तुला," ती म्हणाली.